पोरं फडावर का जातात?

दिवाळीच्या आगेमागे शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर अशा बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धान्याची पोती, भांडीकुंडी, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरं. मार्च-एप्रिलपर्यंत गावात बहुतेक म्हातारी माणसंच उरतात. शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या ओळी लांबत जातात आणि पारापासून शहरातल्या दिवाणखान्यापर्यंत एकच वाक्य फिरतं: ‘या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही.’

हे वाक्य अन्यायाचं आहे. शिवाय ते एकदा उच्चारलं की पुढे काही विचारावंसंच वाटत नाही.

विचारलं, तर सगळा हिशेब समोर येतो. मजूर पुरवणारा मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, ती नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. त्यामुळे पोरांसाठी आईने मागे राहायचं म्हटलं तर कोयताच मोडतो. उचलीचे पैसे जुनं देणं, दवाखाना, बी-बियाणं, लग्नकार्य यांत हंगाम सुरू होण्याआधीच संपलेले असतात. तोडीने उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षाच्या मानगुटीवर. एक दिवस खाडा झाला की मजुरी बुडतेच, वर दंड कापला जातो, अनेकदा ५०० रुपये किंवा त्याहूनही जास्त. पोर तापाने फणफणलेलं असताना आई पहाटे फडात जाते, ती हे सगळं मनात धरून.

मग पोरांना सांभाळायचं कोणी? घरी धडधाकट आजी असेल, तर नातवंडं गावात राहतात, शाळेत जातात. आजी नसेल, तर पाचटाच्या कोपीत दहा वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. एकाच गल्लीतल्या दोन घरांत शिक्षणाची ओढ सारखीच असते. फरक असतो तो आजीचा.

पैशाच्या तंगीचा विचारशक्तीवर काय परिणाम होतो, यावर आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकारी संशोधकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांच्या बौद्धिक चाचण्या त्यांनी तोडणीआधीच्या टंचाईत घेतल्या आणि हाती पैसा आल्यावर पुन्हा घेतल्या. तीच माणसं दुसऱ्या वेळी सरस ठरली. पैशाची विवंचना डोक्यातली जागा व्यापते, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. हे शेतकरी होते. तोडणी मजुरांकडे तर स्वतःच्या उसाचा आधारही नसतो.

शाळेची सोय करण्याचे प्रयत्न झाले, नाही असं नाही. ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालवल्या. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाल्यावर या मुलांना जवळच्या नियमित शाळेत घालावं, असं धोरण आलं. तत्त्व योग्यच होतं. पण फड आज इथे, तर आठवड्याने दहा मैलांवर. टोळी बेळगाव किंवा बागलकोटकडे गेली, तर जवळची शाळा बहुधा कन्नड. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून दिलेलं शिक्षण हमी कार्ड हातात असूनही ते मूल वर्गात मुकाट बसून राहतं.

मुलगी वयात आली की प्रश्न आणखी अवघड होतो. फडावर न्यावी तर उघड्यावर अंघोळ, मागे ठेवावी तर एकटी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीडमधल्या २० ते २४ वयाच्या महिलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बालविवाह गुन्हाच आहे आणि तो थांबलाच पाहिजे. पण बापाला निर्दय ठरवून त्या मुलीला सहा महिने सुरक्षित छप्पर मिळत नाही.

ते छप्पर वसतिगृहाने मिळतं. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांचीही आहे. टोळ्या दिवाळीला निघणार असतील, तर वसतिगृहाचं दार दसऱ्याला उघडं हवं. मुलींसाठी तिथे मुक्कामी बाई हवी, आजारी पोराला दवाखान्यात नेणारं कुणी हवं. शिक्षकांनी ऑगस्टमध्येच घरोघरी जाऊन ‘यंदा पोरांजवळ कोण थांबणार?’ एवढं विचारलं, तर कोणत्या मुलासाठी खाट लागेल याची यादी टोळी निघण्याच्या कितीतरी आधी तयार होईल.