समाधी मागितली होती कोणी?

वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी मोटारीतच देह ठेवला. त्यांना अमरावतीला नेले जात होते. जिथे मरण येईल तिथेच अग्नी द्यावा; मूर्ती, समाधी, मंदिर काही उभारू नये, असे त्यांनी आधीच बजावून ठेवले होते. पुढे अमरावतीत समाधिमंदिर झाले, वलगावला निर्वाणभूमीचे स्मारक झाले.

यावर ‘लोकांची श्रद्धा’ हे ठरलेले उत्तर. ज्याच्यावर श्रद्धा त्याचाच शब्द मोडणारी ही श्रद्धा विलक्षणच म्हणावी लागेल!

बाबांचा वारसा कीर्तनाचा. कर्ज काढून सण करावा काय, देवापुढे बोकड कापावा काय, शिवाशीव पाळावी काय, असे विचारून ते उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढीत. नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. पुण्यतिथीला हार घालणाऱ्या किती पुढाऱ्यांनी ते ऐकले आहे?

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत निवर्तले. मराठी ख्रिस्ती मंडळींना त्यांच्या स्मरणासाठी थडग्याची वाट धरावी लागत नाही; अभंग-ओवीच्या वळणाची त्यांची भजने आजही उपासनेत म्हटली जातात. शंभर वर्षांनंतरही टिळक गायले जातात. वऱ्हाडाने आपल्या कीर्तनकाराला मात्र चौथऱ्यावर बसवून गप्प केले.

येत्या २० डिसेंबरला वलगावच्या मंडपात भाषणांऐवजी ते ध्वनिमुद्रण लावून पाहावे. बाबांचे प्रश्न सुरू झाले की पहिल्या रांगेतले कोण कोण उठून जातात, तेही पाहावे.