फौजदारी न्यायाचे शिक्षण आणि नायगावचा मजूर

1 जुलै 2024 पासून देशात नवे फौजदारी कायदे अमलात आले. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद त्यांत आहे. साहजिकच गुन्हेगारीशास्त्र, न्यायवैद्यक शास्त्र आणि फौजदारी न्याय या विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणाला महत्त्व आले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र हे शिक्षण कोणासाठी, हा प्रश्न समाजवादी चळवळीने विचारलाच पाहिजे.

31 डिसेंबर 2022 रोजी देशातील तुरुंगांत 5,73,220 बंदी होते. त्यांपैकी 4,34,302 जणांच्या खटल्यांचा निकाल लागलेला नव्हता. दर चार बंद्यांपैकी तीन असे की ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हायचा आहे! त्यांतले बहुसंख्य गरीब आहेत, हा योगायोग नव्हे. जामीन ही कायद्याच्या भाषेत हमी असली, तरी व्यवहारात ती किंमत आहे. ज्याच्यापाशी सातबारा नाही, ओळखीचा पतदार माणूस नाही, त्याला ती परवडत नाही. 1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याच्याकडून 10,000 रुपयांचा जामीनदार मागण्यात आला होता, आणि परजिल्ह्यातील जामीनदार नाकारण्यात आला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही पद्धत चुकीची ठरविली. नायगाव, बिलोली भागातून हैदराबाद, निजामाबादकडे मजुरीस जाणाऱ्या माणसाला या निकालाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. परमुलखात पकडला गेला तर त्याचा जामीनदार गावीच असणार. तो मिळेपर्यंत बुडालेली मजुरी, वकिलाची फी आणि येण्याजाण्याचा खर्च घरच्यांना सावकाराच्या दारात नेऊन उभे करतो. निकाल पुढे काहीही लागो, कर्ज मात्र कायम राहते.

यावर कागदोपत्री उपाय आहेत. नव्या संहितेच्या कलम 479 नुसार, मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आणि दुसरे खटले नसलेल्या बंद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ काढला की त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. 2023 मध्ये केंद्र सरकारने गरीब बंद्यांसाठी योजना आणली. तीत त्या वेळी जामिनासाठी 40,000 आणि दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत साहाय्याची सोय ठेवण्यात आली होती. पण पात्र बंदी शोधणार कोण? त्याच्या कोठडीचे दिवस कोण मोजणार, घरची चौकशी कोण करणार? हे काम प्रशिक्षित माणसाचे आहे. पदव्युत्तर शिक्षणाची खरी गरज येथे आहे.

अभ्यासाने कायदा हलतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना निर्दोष सोडले. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले आणि 1983 मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला. त्याच वर्षी शीला बर्से यांच्या अर्जावर मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांबाबत निकाल झाला. त्याआधी न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेला तुरुंगात पाठवून अहवाल मागविला होता.

विद्येचा दुरुपयोगही विसरून चालणार नाही. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. 1952 मध्ये तो रद्द झाला, तरी पारधी वस्तीवरचा संशय उठलेला नाही. आरोपीचे दारिद्र्य न पाहता केवळ त्याच्या बोटांचे ठसे पाहणारे शास्त्र त्या संशयालाच नवी यंत्रे पुरवील.

म्हणून या शिक्षणाच्या दारात कोण उभा राहू शकतो, हा प्रश्न निर्णायक ठरतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने गुन्हेगारी व न्याय या विषयाला समाजकार्याची आणि तुरुंग-न्यायालयातील क्षेत्रकार्याची जोड दिली, हे तिचे श्रेय आहे. परंतु 2018 मध्ये शुल्कसवलतीसाठी तिच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी येथील विद्यार्थ्यांना संप करावा लागला. शेतमजुराच्या मुलीला मुंबईचा खर्च आणि इंग्रजीचा उंबरठा एकदम ओलांडता येत नाही. कोठडीतला माणूस मात्र आपली हकिगत मराठीत, बंजारा बोलीत किंवा दखनीतच सांगणार!

नांदेडच्या विद्यापीठाला 1994 पासून स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. निजामाचा तुरुंग ज्यांनी वारंवार भोगला, त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने या विषयात मराठवाड्यापुढे आदर्श ठेवावा, ही अपेक्षा रास्त आहे. मराठी माध्यम, पूर्ण शुल्कमाफी आणि तालुका न्यायालय, विधी सेवा समिती व तुरुंग येथे सक्तीचे क्षेत्रकार्य, या तीन गोष्टींशिवाय हा अभ्यासक्रम लोकांचा होणार नाही.

कार्यकर्त्यांनी विद्यापीठाच्या निर्णयाची वाट पाहत बसू नये. आपल्या गावातील किती माणसे खटल्याविना आत आहेत, किती दिवस आहेत आणि कशासाठी अडली आहेत, याची यादी नायगाव तालुक्यात आजच करता येईल. ती यादी विधी सेवा समितीपुढे ठेवली, तर काही माणसे घरी येतील. विद्यापीठापुढे ठेवली, तर काय शिकवावयाचे हे त्यालाही कळेल.