टायरवर काय लिहिलंय ते वाचा की राव!

हापिसात कुणी टायर बदलायला काढले की लगेच दोन तट पडतात. एक एमआरएफवाल्यांचा, दुसरा मिशेलिनवाल्यांचा. चहा गार होतो, निकाल लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की ब्रँड सगळ्यात शेवटी बघावा. आधी टायरच्या अंगावर जे छापलंय ते वाचावं. एरवी डॉक्युमेंटेशन न वाचणाऱ्यांच्या नावाने खडे फोडणारे आपण, इथे मात्र दुकानदार म्हणेल ती पूर्व दिशा!

समजा, तुमच्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलंय. रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १५ इंची. इथवर बऱ्याच जणांना येतं. खरी मेख पुढच्या ८८ मध्ये आहे. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो भार पेलतो. स्वस्तात मिळाला म्हणून ८५ चा घेतलात तर ५१५. आता पाच माणसं, डिकी गच्च, मे महिना आणि समृद्धी महामार्गावर तासन् तास १२० चा वेग. भार झेपला नाही की टायरची भिंत जास्त वाकते, वाकली की तापते, आणि तापून तापून फुटते. हवा कमी असली तरी हेच होतं. त्यामुळे 'उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवा' हा सल्ला देणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. गाडीच्या दारापाशी स्टिकर असतो, त्यावरचा आकडा पाळा. तोही टायर थंड असताना मोजून.

रुंद टायरची हौस असणाऱ्यांसाठी थोडं गणित. १८५/६५ च्या जागी २०५/६५ टाकलात तर चाकाचा व्यास सुमारे ४ टक्के वाढतो. म्हणजे काटा शंभर दाखवत असेल तर गाडी तेव्हा आधीपेक्षा ४ किलोमीटर जास्तच पळत असते. दिसायला भारी दिसतं, हे मान्य!

भरघोस डिस्काउंट मिळाला तर खुश होण्याआधी टायरवर लंबगोलातले चार आकडे शोधा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. गोदामात तीन-चार वर्षं पडलेला माल 'नवा कोरा' म्हणून मी तरी घेणार नाही. रबर नुसतं पडूनही कडक होत जातं.

आणि बजेटमुळे दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे टाका. पावसात साचलेल्या पाण्यावरून पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की पुन्हा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, तिथे तुमचं-माझं कौशल्य कामाला येत नाही. दुकानदार हमखास म्हणेल, "साहेब, इंजिन पुढं आहे, नवे पुढंच टाकू." म्हणू दे. पैसे आपण देतोय, मागेच टाकून घ्या.