पाकिटाऐवजी पुस्तक: काही आक्षेप, काही उत्तरे





आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे की प्रयोगशाळेतून उरलेल्या वेळात मी आणि काही मित्र एक छोटा उपक्रम चालवतो. त्याचे नियम तीनच. वाढदिवस, बारसे, वास्तुशांत, ग्रॅज्युएशन अशा प्रसंगी पाकिटाऐवजी पुस्तक द्यावे. ते देणाऱ्याने स्वतः वाचलेले असावे. आणि 'हे पुस्तक तुलाच का' हे पहिल्या कोऱ्या पानावर दोन ओळींत स्वतःच्या हाताने लिहावे. सभासदत्व नाही, वर्गणी नाही, पुस्तकविक्रीशी संबंध नाही.

इतक्या साध्या छंदावर कोणी रागावेल असे वाटले नव्हते. पण गेल्या काही महिन्यांत त्यावर बरीच टीका झाली. त्यातली टिंगल सोडून देऊ. काही टीका मात्र विचारपूर्वक केलेली आहे, आणि आपल्याच विचारांच्या मित्रांनी केलेली आहे. तिला उत्तर द्यायलाच हवे.

पहिला आक्षेप असा, की पुस्तक देणे म्हणजे सभ्य भाषेतला उपदेश. पैसे दिले तर माणूस मनाला येईल ते घेतो. पुस्तक दिले की 'तू हे वाचायला हवेस' असे आपण त्याला सुनावतो. इथल्या लग्नपत्रिकांवर 'नो बॉक्स्ड गिफ्ट्स प्लीज' असे स्पष्ट छापलेले असताना ही जबरदस्ती कशाला? शिवाय पुरोगामी मंडळी घरोघर दाभोलकर वाटू लागली तर त्यात आणि सत्यनारायणाच्या प्रसादात फरक काय?

ज्यांनी पत्रिकेवर तसे छापले आहे त्यांना पाकीटच द्यावे, वाद नाही. राहिला उपदेश. ती भीती खरी आहे, आणि दुसरा नियम तिच्यासाठीच आहे. न वाचलेले पुस्तक देणाऱ्याला लेखकाच्या नावाशी मतलब असतो. ज्याने वाचले आहे त्याला आत काय आहे हे माहीत असते, आणि मग समोरच्या माणसाला ते रुचेल का, हा विचार करावाच लागतो. आम्ही पुस्तकांची यादी केली नाही ती याच कारणाने. यादी केली असती तर पंचवीस घरांत एकच पुस्तक गेले असते, आणि तो मात्र खरोखर प्रसाद झाला असता. आमच्यातल्या एकाने निवृत्त होणाऱ्या मित्राला परसबागेवरचे पुस्तक दिले. आमच्या लेखी ती भेट कादंबरीइतकीच योग्य आहे.

दुसरा आक्षेप: दिलेली पुस्तके कोणी वाचत नाही, ती कपाटात धूळ खातात. अनेक खातात, हे मान्य. घेणाऱ्यावर वाचण्याचे बंधन नाही, आणि 'वाचलेस का?' असे नंतर विचारू नये असे आम्ही आवर्जून सांगतो. पण पुस्तकाचे काय झाले याचा हिशेब वर्षभरात मांडता येत नाही.

आपणा सर्वांना माहीत असलेले एक उदाहरण घेऊ. भीमराव आंबेडकर शाळेत असताना त्यांच्या समाजातल्या लोकांनी त्यांच्या सत्काराची सभा ठरवली. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून वडील राजी नव्हते. शेवटी वडिलांचे मित्र दादा केळुसकर यांनी मध्यस्थी केली, सभा झाली, आणि तिच्या अखेरीस केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. 'द बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हा प्रसंग सांगितला आहे, आणि आपण बुद्धाकडे वळलो ते त्या पुस्तकामुळे असेही म्हटले आहे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. मध्ये जवळपास अर्धे शतक गेले होते, आणि केळुसकर तोवर हयातही नव्हते. प्रत्येक भेटीतून असे काही घडत नाही, हे सांगायला नकोच. पण केळुसकरांना मुलगा माहीत होता आणि पुस्तकही माहीत होते, एवढे लक्षात घ्यावे. देणाऱ्याच्या हातात तेवढेच असते.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे. इथे वाढलेल्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही, मग त्यांना पुस्तके द्यायची कशाला? पण पुस्तक मराठीतच हवे असे आम्ही कधीच म्हटलेले नाही. लहानांसाठी 'प्रथम बुक्स'ची मराठी-इंग्रजी द्विभाषिक पुस्तके आहेत. मोठ्यांसाठी अनुवाद आहेत. ऊर्मिला पवारांचे 'आयदान' २००३ साली आले आणि माया पंडित यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००९ साली कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशनाने अमेरिकेत काढला. दया पवारांच्या 'बलुतं'चा जेरी पिंटो यांनी केलेला अनुवाद २०१५ पासून उपलब्ध आहे.

हे निकडीचे का, तेही सांगतो. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराने तसा कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकावर राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. या प्रत्येक वेळी आपल्या मुलांनी 'जात' हा शब्द ऐकला तो भांडणात, एका बाजूच्या किंवा दुसऱ्या बाजूच्या घोषणेत. सतरा वर्षांच्या मुलीला तिच्या ओळखीच्या काकाने किंवा मावशीने 'आयदान'चा अनुवाद दिला, तर निदान एका बाईने स्वतःच्या आयुष्याबद्दल काय लिहिले आहे ते तिला कळेल. पुढचे मत तिचे तिने बनवावे.

चौथा आक्षेप: ही सुखवस्तूंची करमणूक आहे, त्यापेक्षा तो पैसा महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाचनालयांना पाठवा. जरूर पाठवा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली चालणारी हजारो वाचनालये तुटपुंज्या अनुदानावर दिवस काढत आहेत. फक्त पैसे पाठवावेत आणि पुस्तके कोणती घ्यायची ते तिथल्या ग्रंथपालाला ठरवू द्यावे. घर बदलताना नकोशी झालेली खोकी तिकडे पाठवून पुण्य जोडू नये. तिथला वाचक आपल्याला माहीत नसतो, म्हणून ते दान आहे. आमचा उपक्रम भेटीचा आहे. एकामुळे दुसरे अडते असे मला दिसलेले नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. एका मित्राने विचारले: तुम्ही वाचलेलेच देणार, पण तुम्ही वाचता काय? परदेशातल्या मराठी कपाटांत पुण्या-मुंबईच्या चार वस्त्यांमधलेच लेखक असतील, तर या भेटींमधून तेच ते घराघरात फिरत राहणार.

याला नियमाने उत्तर देता येत नाही. 'अमुक टक्के दलित साहित्य, अमुक टक्के आदिवासी साहित्य' असा नियम केला तर न वाचता पुस्तके दिली जातील, आणि आपण पुन्हा पहिल्या आक्षेपापाशी येऊ. मग उपाय एकच उरतो, आणि तो कष्टाचा आहे: आपणच आधी कपाटाबाहेरचे वाचायचे. भेट देण्याची सवय इथे थोडी उपयोगी पडते. कारण दुसऱ्याला काय द्यावे हे शोधताना, आपल्याकडे देण्यासारखे किती थोडे आहे, हे लवकर ध्यानात येते.

म्हणून टीकाकार मित्रांनाच विनंती आहे. यंदा भारतात जाल तेव्हा परतीच्या तेवीस किलोंच्या बॅगेत चकली-चिवड्याशेजारी दोन पुस्तकांची जागा ठेवा. त्यातले एक असे घ्या, की ज्याच्या लेखकाचे नाव तुमच्या आई-वडिलांच्या घरात कधी घेतले गेले नव्हते. ते आधी स्वतः वाचा. आवडले नाही तर देऊ नका, आणि का आवडले नाही ते आम्हाला लिहा. आवडले तर ते कोणाला द्यावे, हे वाचता वाचता आपोआप सुचेल. मग पहिल्या पानावर दोन ओळी लिहा आणि देऊन टाका.



आपला,
संपादक