कोडला गठाण दिसत नाही

नागपूरच्या गांधीबागेतल्या घाऊक कापड बाजारातली दलाली, उधारी आणि तगादा स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमुळे संपेल, असं हल्ली छातीठोकपणे सांगितलं जातं. पूर्वपक्ष असा: करार कोड म्हणून ब्लॉकचेनवर लिहायचा, माल पोचला की पैसे आपोआप वळते होणार, शब्द फिरवायला कुणाला वावच नाही. मांडणी सुबक आहे, पण बाजारात ती टिकत नाही.

सुरतेहून किंवा इचलकरंजीहून आलेली गठाण दुकानात फुटते तेव्हा खरा व्यवहार सुरू होतो. एखादं थान मीटरला कमी भरतं, दोन थानांच्या रंगात फरक निघतो, कुठे विणीत दोष असतो. मग फोन जातो, दलाल मध्ये पडतो, वटाव ठरतो, थोडा माल परत जातो. कोडला यातलं काहीच दिसत नाही; साखळीवर जे नोंदलं तेवढंच त्याला कळतं. थान कमी भरल्याची नोंद माणसालाच करावी लागते आणि त्या माणसावर दोन्ही बाजूंचा भरवसा लागतो. ज्या दलालाला हाकलायचं होतं, तोच नव्या नावाने पेढीवर परत येऊन बसतो.

कोड हाच कायदा, असं म्हणणाऱ्यांची परीक्षा 2016 मध्येच झाली. इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या ‘द डीएओ’ या निधीच्या करारात पैसे आधी बाहेर जात आणि शिल्लक मागाहून कमी होई. या फटीतून पुन्हापुन्हा मागणी करून जूनमध्ये सुमारे 36 लाख इथर (इथेरियमचं चलन) काढून घेतले गेले. कोड लिहिल्याबरहुकूमच चालला होता! अखेर जुलैमध्ये माणसांनीच ठरवून साखळीला फाटा फोडला आणि रक्कम सोडवली. ज्यांना हे पटलं नाही ते जुन्या साखळीवर, म्हणजे इथेरियम क्लासिकवर, राहिले.

यावर उत्तर येतं की, मग बदलता येईल असा करार लिहू. लिहावाच लागेल, कारण कायदा बदलतो. 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात 43बी(एच) हे कलम आणलं. सूक्ष्म-लघु उत्पादकाचं देणं मुदतीत, लेखी करार असला तरी फार तर 45 दिवसांत, चुकतं केलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. नव्वद दिवसांची उधारी कोडात गोठवलेल्या व्यापाऱ्याने काय केलं असतं? पण करार बदलता येतो म्हटलं की बदलण्याची किल्ली कुणाच्या तरी हाती जाते. मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या वॉलेटला अनेकांच्या सह्या लागत. 18 जुलै 2024 ला त्या सह्या ज्या व्यवहारावर मिळाल्या, त्याने वॉलेटचा करारच बदलला आणि सुमारे 23 कोटी डॉलर गेले.

म्हणून हा सगळा सट्टाच आहे, हे मात्र मला मुळीच मान्य नाही. आपल्या विदर्भातच, गडचिरोलीच्या एटापल्ली उपविभागात, 2022 मध्ये सुमारे 65 हजार जात प्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉन साखळीवर घेण्याचं काम हाती घेतलं गेलं. दाखल्यात मागाहून केलेली खाडाखोड अशा नोंदीशी ताडून पकडता येते. मूळ तपासणी उपविभागीय अधिकाऱ्याच्या कचेरीचीच राहते, आणि तशीच राहायला हवी. बिलांवर उचल देणाऱ्या टीआरईडीएस मंचांनीही 2018 मध्ये सामाईक ब्लॉकचेन वापरात आणली, ती एकच बिल दोन ठिकाणी गहाण पडू नये म्हणून. ‘हे बिल आधी कुठे लागलं आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर वहीतच असतं, त्यासाठी गठाण फोडावी लागत नाही.

गांधीबागेतही सुरुवात इथूनच व्हावी: स्वीकारलेलं बिल, त्यावर घेतलेली उचल, आलेला भरणा. कराराचा कोड आधी चाचणी साखळीवर चालवावा, त्रयस्थाकडून तपासून घ्यावा आणि मगच खऱ्या साखळीवर चढवावा. वाद उठला तर व्यवहार थांबवायची सोय त्यात असावी. करार बदलण्याची किल्ली कुणाकुणाकडे आहे, त्यांची नावं व्यापाऱ्यांना पहिल्या दिवशी लेखी मिळावीत. जो विक्रेता ही नावं द्यायला कचरेल, त्याच्याशी बोलणी तिथेच थांबवावीत.