जनतेचा कौल हवा, पण सोयीचा!

इटलीतल्या सानरेमो गाणमहोत्सवाचा २०१९ चा निकाल अजूनही काहींच्या घशाखाली उतरत नाही. परवा पुन्हा तीच टेप ऐकली, "परीक्षकांनी जनतेचा कौल डावलला." म्हणून हे लिहितोय.

महमूद, खरं नाव अलेस्सांद्रो महमूद. जन्म १९९२, मिलान. आई सार्डिनियाची, बाप इजिप्तचा. पोरगा लहान असतानाच बाप निघून गेला, आईने एकटीने वाढवलं. 'सोल्दी', म्हणजे पैसे, या त्याच्या गाण्यात तोच बाप आहे. २०१२ मध्ये एक्स फॅक्टरला येऊन बाहेर पडला, मग स्वतःसाठी नि दुसऱ्यांसाठी गाणी लिहीत राहिला आणि २०१९ ला 'सोल्दी'वर सानरेमो जिंकला.

झालं! उपपंतप्रधान साल्व्हिनी ट्विटरवर नाक मुरडून मोकळे, म्हणे आपण उल्तिमोला निवडलं असतं. दुसरे उपपंतप्रधान दी मायो म्हणाले, हा निकाल जनतेचा नव्हे, उच्चभ्रूंचा. एका देशाचे दोन-दोन उपपंतप्रधान आणि धंदा काय, तर गाण्याच्या स्पर्धेची फेरमोजणी!

आता, आकडे खरे आहेत. शेवटच्या तिघांत प्रेक्षकांची ४६.५ टक्के मतं उल्तिमोला, महमूदला फक्त १४.१. पण प्रेक्षकांना निम्मं वजन आणि उरलेलं पत्रकार नि परीक्षकांना, हा नियम आधीपासून ठरलेला होता. नियम चुकीचा वाटतो? बदला ना, कोण अडवतंय? पण तो नेमका महमूद जिंकल्यावरच का टोचला? आणि पुढे तेल अवीवच्या युरोव्हिजनमध्ये तो दुसरा आला, तेव्हा त्याच्या ४७२ पैकी २५३ गुण प्रेक्षकांचे होते, परीक्षकांपेक्षा जास्त. तिथे तर इटलीला स्वतःला मत देताच येत नव्हतं!

पण मला जास्त राग त्याच्या कैवाऱ्यांचा येतो. "अहो, आई सार्डिनियाची आहे, तो अस्सल इटालियनच!" बरं, आई इजिप्तचीच असती तर? त्याच मिलानमध्ये जन्मून, त्याच शाळेत शिकूनही कायद्याने तो परकाच राहिला असता. १९९२ च्या ९१ क्रमांकाच्या कायद्यानुसार परदेशी आईबापांच्या पोटी इटलीत जन्मलेल्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं, तेही सलग तिथेच राहिला असेल तर, आणि मग अर्जाला वर्षभराचीच मुदत. म्हणजे रक्ताचा दाखला मागणाऱ्यांना हे कैवारी रक्ताचाच दाखला दाखवतात. वा रे बचाव!

जनतेच्या कौलाचं तर बोलूच नका. जून २०२५ मध्ये इटलीत सार्वमत झालं. परदेशी प्रौढांसाठी नागरिकत्वाची दहा वर्षं वास्तव्याची अट पाचवर आणायची का, हा त्यातला एक प्रश्न होता. आईबापांना नागरिकत्व मिळालं की लहान मुलांनाही मिळतं, म्हणून शाळकरी पोरांचंही भवितव्य त्यात अडकलेलं. तेव्हा साल्व्हिनींच्या पक्षासकट सत्ताधाऱ्यांनी लोकांना सांगितलं, मतदानाला जाऊच नका. मतदान झालं तीस टक्क्यांच्या आसपास, लागत होतं पन्नासच्या वर. सार्वमत बाद, आणि अट आजही दहा वर्षांचीच.