कोंबडीच्या दाण्यातले औषध

पगाराच्या आठवड्यातला रविवार आला की बोईसर-पालघरच्या चिकनच्या दुकानांपुढे गर्दी होते. मटण कामगाराच्या आवाक्यात राहिलेले नाही. मुलांच्या ताटात काही सकस पडावे म्हणून घरोघरी ब्रॉयलर कोंबडी येते. समोर कापून दिली म्हणजे माल ताजा, ही आपली खात्री. ताजा असतोही. पण त्या कोंबडीला काय खाऊ घातले, हे दुकानात कळत नाही.

ब्रॉयलरचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे. एका शेडमध्ये हजारो पक्षी दाटीवाटीने वाढवतात. एक आजारी पडला तर सगळेच पडतील, या भीतीने अनेक ठिकाणी निरोगी पक्ष्यांनाही दाण्या-पाण्यातून अँटिबायोटिक देतात. वजन लवकर भरावे म्हणूनही देतात. मात्रा थोडी, पण रोजची. त्यामुळे पोटातले दुबळे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात व वाढतात. हे जंतू आपली ताकद दुसऱ्या प्रकारच्या जंतूंनाही देऊ शकतात. कोंबडी कापताना आतड्यातले ई-कोलाय, साल्मोनेला मांसाला लागतात आणि पिशवीतून आपल्या घरी येतात.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ साली दिल्ली परिसरातील चिकनचे ७० नमुने तपासले. त्यांपैकी ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश निघाले. पुढे २०१५ साली चीनमध्ये दुकानातल्या कच्च्या मांसात कॉलिस्टिनला दाद न देणारे जंतू सापडले. कॉलिस्टिन म्हणजे बाकीची औषधे हरली की डॉक्टर काढतात ते शेवटचे औषध. तेच आपल्या देशात कोंबड्या लठ्ठ करायला वापरले जात होते. वर्तमानपत्रांनी २०१८ साली ते उघडकीस आणले आणि जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने पशुपक्ष्यांसाठी त्यावर बंदी घातली. बंदी एका औषधावर आली, सवय मात्र अनेक औषधांची आहे.

यात नुकसान कोणाचे, याचा हिशेब मांडून पाहा. मुलाला जुलाब लागतात, घरच्या बाईला लघवीची जळजळ होते आणि साधी गोळी लागू पडत नाही. मग भारी गोळी, मग इंजेक्शन, मग ॲडमिट. रोजंदारीवाल्याचे खाडे पडतात, डोक्यावर कर्ज चढते. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे अशा जंतूंमुळे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. सगळा दोष कोंबडीचा नाही. माणसांनी उठसूट घेतलेल्या गोळ्यांचाही त्यात मोठा वाटा आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल तयार होतो, तिथे आपलीच माणसे पाळ्या करतात. ज्यांच्या हातून औषध बनते, त्यांच्याच घरी ते निकामी ठरावे, ही केवढी शोकांतिका!

याचा अर्थ चिकन सोडा, असा मुळीच नाही. गरिबाच्या ताटात काय असावे हे सांगणारे या देशात पुष्कळ आहेत, त्यांत आम्हाला भर घालायची नाही. शिजवले की हे जंतूही मरतात. धोका आहे तो कच्च्या मांसाचा. म्हणून माता-भगिनींनी आणि स्वयंपाकाला हात लावणाऱ्या पुरुषांनीही एवढे करावे. चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नये, शिंतोडे ओट्यावर उडतात. त्याच सुरीने, त्याच फळीवर कांदा-कोथिंबीर चिरू नये. हात साबणाने धुवावेत. हाडाजवळचे मांस गुलाबी राहू देऊ नये. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नये, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत.

दुकानदाराशी भांडू नका. तोही हातावर पोट असलेला. पुष्कळ ठिकाणी पिल्ले, दाणा आणि औषध कंपनीच पुरवते, शेतकरी फक्त वाढवतो. दाण्यात काय घालतात याचा जाब वरच विचारला पाहिजे. वस्तीवस्तीतल्या महिला मंडळांनी सह्या गोळा करून अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज द्यावा. आमच्या बाजारातील चिकनचे नमुने तपासा आणि निकाल लोकांना मराठीत सांगा, एवढीच मागणी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. पोच हातात असली की दुसऱ्यांदा विचारता येते.